इतर डिस्क तपासत आहे

निळी पट्टी सरकत सरकत उजव्या टोकापाशी आली आणि तिथेच बसली. तिच्याखाली बारीक अक्षरांत एक ओळ उमटली होती, ‘जोडलेल्या इतर डिस्क तपासत आहे’, आणि ओळीच्या पुढे तीन टिंबं एकामागून एक लागत होती, एकदम विझत होती, पुन्हा लागत होती. बाईंनी चहा केला, प्याल्या, कप विसळून पालथा घातला, आणि येऊन पाहिलं तर पट्टी होती तिथेच. त्यांना आधी काही वाटलं नाही. बहिऱ्या मुलांना बोलायला शिकवण्यात ज्यांची हयात गेली, एका ‘प’साठी ज्यांनी पोरांच्या ओठांसमोर कागदाची चिठोरी धरून महिनेच्या महिने काढले, त्यांना एक निळी पट्टी काय दमवणार? कागद हलेल तेव्हा हलेल. त्या खुर्ची ओढून समोर बसल्या, हात मांडीवर ठेवून, वर्गात बसायच्या तशाच. पण मुलांना त्यांचा धीर दिसायचा आणि यंत्राला दिसत नव्हता, हा फरक थोड्या वेळाने त्यांच्या ध्यानात आला. सुट्टीचा दिवस होता. खिडकीखाली कुणीतरी गाडी धूत होतं, पाण्याचा फवारा पत्र्यावर वाजत होता. जुनी सिस्टीम पुसली गेली होती, नवी अजून आली नव्हती, आणि या मधल्या घडीला आपल्या घरातला हा संगणक कोणाचाच नाही असं काहीतरी बाईंच्या मनात आलं.

हे सगळं धाकट्याचं म्हणणं. धाकटा म्हणजे बाईंचा पाठचा भाऊ. आता त्याचे केस पिकले, पोट सुटलं, तरी घरातलं नाव तेच राहिलं. तो कंपन्यांसाठी छोट्या छोट्या फिल्म कापून जोडून देतो, त्यामुळे यंत्रांतलं त्याला कळतं, निदान बाईंपेक्षा तरी. गेल्या सुट्टीला तो आला तेव्हा संगणक एकेक फाइल उघडायला इतका वेळ घेत होता की तोच वैतागला. सगळं पुसून नवी सिस्टीम टाक, पळायला लागेल, म्हणाला. आवाजांचं काय, असं बाईंनी विचारलं. ते तुझ्या बाहेरच्या डिस्कवर घेऊन ठेवतो, पडूनच तर असते ती, असं म्हणून तो आतल्या खोलीत बसला. बाई स्वयंपाकघरात त्याच्यासाठी काहीबाही करत राहिल्या. जरा वेळाने त्याने तो काळा डबा त्यांच्या हातात आणून ठेवला, वर बाईंच्याच अक्षरातली ‘आवाज’ अशी पांढरी चिकटपट्टी, आणि म्हणाला, “झालं, ताई.” मग पेन ड्राइव्ह तयार करून दिला, कुठे काय दाबायचं ते सांगितलं, आणि उद्या काम द्यायचंय म्हणून न जेवताच गेला. त्याच्यासाठी केलेलं बाईंनी दोन वेळा खाल्लं.

आवाज म्हणजे मुलांचे आवाज. शाळेत आलेल्या प्रत्येक मुलाचा पहिला धड शब्द बाई टिपून ठेवत. धड म्हणजे त्यांच्या लेखी धड. परक्याला तो खोकला वाटला असता. एका मुलीचा पहिला शब्द ‘बस’ होता. एका पोराने ‘नको’ कमावला आणि मग दिवसभर, जे देऊ त्याला, नको, नको, नको. त्याची आई व्हरांड्यात भिंतीला टेकून हसत होती आणि डोळे पुसत होती. एक होती, तिला सगळे शिट्टी म्हणायचे, कारण तिला ‘स’ एकदाचा सापडला तो तिने सोडलाच नाही. ती शाळेत असतानाच तापाने गेली. तेव्हापासून तिची आई वर्षातून एकदा बाईंच्या घरी येते, या खुर्चीत बसते, लेकीचा तो लांबलचक ‘स’ ऐकते, आणि काही न बोलता निघून जाते. मागच्या खेपेला ती बसलेली असताना संगणक अडकला होता, बाई नुसत्या बटणं दाबत राहिल्या होत्या, आणि त्या आईने पर्स मांडीवर धरून वाट पाहिली होती. ते बाईंच्या मनाला फार लागलं होतं. येत्या आठवड्यात ती पुन्हा यायची होती. नवी सिस्टीम खरं म्हणजे तिच्यासाठी होती.

आणि या सगळ्या आवाजांत पहिला होता तो धाकट्याचाच. तो बहिरा नव्हता. कान ठणठणीत, पण शाळेत घालायची वेळ आली तरी तोंडातून शब्द नाही. वडील रोज संध्याकाळी त्याला समोर उभा करत, बॅटरी लावून त्याची जीभ पाहत आणि म्हणत, बोल. तो जितका बोलत नसे तितकं ते तपासत, आणि जितकं तपासत तितका तो मिटत जाई. बाई तेव्हा स्वतःच शाळेत जाणारी पोर. त्या त्याला जिन्याखाली घेऊन बसत, त्याचा तळवा आपल्या गळ्यावर ठेवत आणि उगाच काहीबाही बोलत राहत, म्हणजे शब्द आत कसा थरथरतो ते त्याला हाताने कळावं. कुणी शिकवलं होतं त्यांना? कुणीच नाही. एके सकाळी त्याच्या सदऱ्याची शेवटची गुंडी लावून झाली आणि तो खाली पाहून म्हणाला, झालं. ‘झ’ पार चपटा, शब्दाचं शेपूट तुटलेलं, पण शब्द होता. त्यांनी त्याला चार दिवस फिरून फिरून तेच म्हणायला लावलं आणि मग वडिलांच्या टेपरेकॉर्डरवर भरून ठेवलं. पुढे घर बदलताना ती कॅसेट बुरशीने गेली, पण त्याआधी तो शब्द संगणकावर आला होता. हा आवाज त्या कधी लावत नसत. तो आहे एवढं त्यांना पुरत होतं.

पट्टी हलेना. बाईंनी यंत्र बंद करून पुन्हा चालू केलं. पुन्हा भाषा निवडा, पुन्हा घड्याळ लावा, आणि पुन्हा तो प्रश्न: या डिस्कवरचं सगळं कायमचं पुसलं जाईल, पुढे जायचं? सकाळी पहिल्यांदा हा प्रश्न आला तेव्हा बाईंचा हात माउसवर थांबला होता. त्याआधी ती बाहेरची डिस्क एकदा उघडून पाहावी, शिट्टीचा ‘स’ आहे ना बघावं, असं त्यांच्या मनात आलं होतं, आणि लगेच त्यांना स्वतःची लाज वाटली होती. त्यांच्या घरात हे करत नसत. वडील दाराला कुलूप लावलं की कोपऱ्यापर्यंत जाऊन परत येत आणि कुलूप ओढून पाहत. कुलूप त्यांनीच लावलं असेल तर एकदा, आईने लावलं असेल तर तीनदा. आईने बंद केलेला गॅस, आईने झाकलेलं पातेलं, आईने मोजलेली सुट्टी नाणी, कशामागेही त्यांचा हात जायचाच. चुकलेलं असं कधी काही सापडलं नाही, पण शेवटी शेवटी आईचे हात झाकण ठेवतानाच कापायला लागले होते. वडील गेले, लोक पांगले, आणि आई दोन्ही पोरांना जवळ बसवून म्हणाली, “या घरात यापुढे कुणी कुणाच्या मागे जाऊन बघायचं नाही. आपल्या माणसाने झालं म्हटलं, की झालं.” एवढं एकच ती कायदा म्हणून बोलली. ती दोघं त्या कायद्यात मोठी झाली, आणि जगात इतर कुणाला कसलं वैभव वाटत असेल ते असो, बाईंना हे वैभव वाटायचं. शाळेत त्यांच्या सोबतिणी दरवाजे ओढून पाहत, गाडीची दारं खेचून पाहत, आणि बाई पुढे चालू लागत. म्हणून सकाळी त्यांनी डिस्क उघडली नाही. त्यांनी ‘हो’ दाबलं होतं. आताही दाबलं. पट्टी भराभर सरकत गेली, त्याच ठिकाणी आली, तीच ओळ उमटली, आणि टिंबं लागायला लागली.

मदतीचा म्हणून पेन ड्राइव्हच्या पाकिटावर एक नंबर होता. तिकडच्या मुलीने बराच वेळ संगीत ऐकवलं आणि मग कंटाळलेल्या सुरात विचारलं, यंत्राला काय काय जोडलंय? बाईंनी सांगितलं. सगळं काढा, ती म्हणाली, काहीतरी एक वस्तू उत्तर देत नसणार आणि यंत्र तिची वाट बघत बसलं असणार. एकेक काढत जा, वेळ द्या, बघत राहा. आणखी काही मदत हवीय का? बाई नको म्हणाल्या. त्यांनी प्रिंटर काढला. काही नाही. दोन्ही बाजूंचे स्पीकर काढले, ज्यांतून शिट्टी बोलायची. काही नाही. हेडफोन, मायक्रोफोन, दिव्याची वायर, जे जे दिसलं ते त्यांनी काढलं आणि टेबलावर ओळीने मांडलं. आवाज परत घ्यायला म्हणून सकाळीच जोडून ठेवलेल्या डिस्कला मात्र त्यांनी हात लावला नाही. तिचा संशय त्यांना आलाच नाही असं नाही; आला आणि त्यांनी तो वळसा घालून टाळला. ती धाकट्याने भरून दिलेली होती.

खाली गाडी धुणारा नळ बंद करून गेला. स्पीकरमधली ती बारीक घरघर, जी बारा महिने चालू असते म्हणून ऐकू येत नाही, तीही आता नव्हती. खोली इतकी शांत झाली की बाईंना आपलं गिळणं ऐकू आलं. आणि मग तो आवाज. टक्. मग घशात अडकल्यासारखी एक बारीक किरकिर. पुन्हा टक्. टेबलावरच्या काळ्या डब्यातून येत होता. बाईंनी मान कलती केली. हे कान त्यांची भाकरी होते; बंद दाराआडून कोणतं मूल नाकातून बोलतंय ते त्या सांगत. स्वतःची डिस्क त्यांना ठाऊक होती, ती लावली की मांजर झोपल्यासारखी एकसुरी गुरगुरायची, आणि हा आवाज तिचा नव्हता. पण ओळखीचा होता. कुठे ऐकला, हे आठवायला त्यांना डोळे मिटावे लागले नाहीत. धाकट्याच्या घरी, त्याच्या कामाच्या टेबलावर, जेवायला बोलावलं होतं तेव्हा. कसला रे हा आवाज, त्यांनी विचारलं होतं. तो म्हणाला होता, ही मरायला टेकलीय, दिवसरात्र दळण दळते ना. दोघांच्या डिस्क त्यानेच एका दुकानातून आणल्या होत्या, सारख्या दिसणाऱ्या. एक कपाटात पडून राहिली, एक झिजली.

बाईंनी डबा हातात घेतला. तो कोमट होता आणि तळव्याला टक् टक् लागत होतं, जसं गळ्यावर ठेवलेल्या हाताला लागतं. ‘आवाज’ लिहिलेली चिकटपट्टी त्यांचीच होती, त्यांचंच अक्षर, त्यांचाच जरा वाकडा काना. फक्त एक कोपरा धरत नव्हता. त्यांनी तो अंगठ्याने दाबला, तो पुन्हा वर आला. एका जागेवरून नखाने सोलून दुसऱ्या जागी लावलेली पट्टी अशीच वागते. शाळेतल्या खोक्यांवर त्यांनी शेकडो वेळा पाहिलं होतं. डिस्क बदलली जाणं हे घाईतही होऊ शकतं. पट्टी घाईत बदलत नाही. ती सोलताना फाटू नये म्हणून श्वास धरावा लागतो. आतल्या खोलीत तो असा श्वास धरून बसला होता, आणि भिंतीच्या अलीकडे आपण त्याच्यासाठी कढई चढवली होती. बाईंना राग आला नाही अजून.

मग त्यांनी डिस्कची वायर उपटली. निळी पट्टी लगेच सरकली, टोकाला भिडली, पडदा काळा झाला, आणि एक छान हिरवं रान उमटून त्यावर ‘स्वागत आहे’ असं आलं. संगणक पळायला लागला होता, धाकटा म्हणाला होता तसा. त्यात काहीच नव्हतं. बाईंनी तो काळा डबा पुन्हा जोडून पाहिला. यंत्राने बराच वेळ प्रयत्न केला आणि ही डिस्क वाचता येत नाही असं सांगितलं. वाचता आली असती तरी त्यात काय असतं, हे त्यांना आता ठाऊक होतं.

फोनवर तो नेहमीसारखा बोलला. अडकलं का, पोर्ट बदलून बघ, म्हणाला. बाई म्हणाल्या, माझी डिस्क घेऊन ये. पलीकडे एक श्वास घेतला गेला, खालून, छातीच्या तळातून, अवघड शब्दाच्या आधी तो लहानपणी घ्यायचा तसाच. तो श्वास बाईंनीच त्याला शिकवला होता. त्याने खोटं बोलायची तयारी केली आणि मग बोलला नाही. येतो, एवढंच म्हणाला. तो येईपर्यंत बाई काही करत नव्हत्या. खिडकीतून समोरच्या इमारतीतल्या बाईने गादी वाळत घातलेली दिसत होती, ती हाताने थापटून धूळ काढत होती, आणि थापटण्याचा आवाज हातापाठोपाठ जरा उशिराने येत होता. त्यांना वाटलं, तो येऊच नये. तो येईल, खांदे पाडून उभा राहील, आणि मग ते खरं होईल.

तो आला, आणि तसाच उभा राहिला. डिस्क पिशवीतून काढून टेबलावर ठेवली. तिच्यावर चिकटपट्टीच्या जागी चौकोनी डिंकाचा डाग होता. त्याने सगळं सांगितलं, न विचारता, भराभर. कॉपी सुरू केली होती, पण संगणक इतका हळू होता की संध्याकाळ झाली असती. त्याची डिस्क मरायला टेकलेली, काम दुसऱ्या दिवशी सकाळी द्यायचं होतं, समोर ताईची डिस्क धडधाकट आणि रिकामी. चार-आठ दिवसांत परत आणणार होता, तेव्हा सावकाश बसून भरून देणार होता. तू लगेच करायला घेशील असं वाटलं नाही, म्हणाला, तुझं सगळं महिना महिना चालतं. आता तिच्यावर फिल्म होत्या, साबणाच्या कंपनीच्या. पुसलेलं परत काढून देणारे लोक असतात, त्यांच्याकडे संगणक नेऊ, थोडंफार मिळेल. बाई ऐकत होत्या. त्याचे सगळे उच्चार स्वच्छ होते. एकही अक्षर चपटं नव्हतं, कुठे अडखळणं नाही, आणि हे आपण केलेलं काम आहे हे त्यांच्या मनातून जाईना.

“चिकटपट्टी का बदललीस?” त्यांनी विचारलं.

त्याने डिंकाच्या डागावरून अंगठा फिरवला. मग म्हणाला, “नाहीतर तुझ्या लक्षात आलं असतं.”

“आणि उघडून पाहिली असती तर?”

“तू उघडून पाहणार नाहीस, ताई. हे मला माहीत होतं.”

हे तो दुखवायला बोलला नव्हता. उलट त्यात एक आपलेपणा होता, सख्ख्या माणसालाच असते तशी खात्री होती, आणि म्हणूनच ते आत गेलं. आईने हात कापत कापत जे मिळवलं, जे बाईंना घराण्याचं वैभव वाटत आलं, ते त्याला इतकी वर्षं नुसतं एक उघडं राहिलेलं दार म्हणून दिसत होतं. तोही त्याच जिन्याखाली बसला होता. वडिलांच्या बॅटरीसमोर रोज उभा राहिलेला तो, त्याच कायद्याच्या आडोशाला मोठा झाला होता. बाईंना आता राग आला, रडूही आलं, आणि दोन्ही एकाच वेळी आल्यामुळे त्यांचा आवाज बसला, ज्या आवाजावर त्यांनी इतक्या पोरांचे तळवे ठेवून घेतले होते. शिट्टीची आई येणार आहे, त्या म्हणाल्या, तिला मी काय सांगू? धाकट्याने त्या हिरव्या रानाकडे पाहिलं. “सांग की मशीन बिघडलं. तिला काय कळतंय त्यातलं?” बाईंनी मान हलवली, नकाराचीही नाही आणि होकाराचीही नाही. तो खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून थोडा वेळ घुटमळला. गेलेल्या आवाजांतला एक त्याचा होता, हे त्याला आठवतंय का, असं त्यांना विचारावंसं वाटलं, पण नाही आठवत म्हणाला तर काय, म्हणून त्यांनी विचारलं नाही.

“तू जा आता,” त्या म्हणाल्या.

त्याने आपली टकटकणारी डिस्क उचलली, ‘आवाज’ अजून तिच्यावरच होतं, आणि ती पिशवीत टाकली. पॅसेजमध्ये जाऊन चपला घातल्या. जाताना तो नेहमी तिथूनच हाक देऊन सांगतो, तसं त्याने सांगितलं, “दार ओढून घेतलंय गं, ताई.” आणि खटका पडला. बाईंनी बसल्या जागी ऐकला. कानाला शंका नव्हती. जीभ खाचेत पूर्ण बसली की जो भरीव आवाज येतो तोच आला होता, पाठोपाठ जिन्यावर त्याची पावलं, खाली रस्त्याचं दार. कुलूप लागलं होतं. बाई खुर्चीत बसून राहिल्या. मग त्या उठल्या, पॅसेजमध्ये गेल्या, मूठ धरली आणि दार ओढून पाहिलं. लागलेलं होतं. त्या परत आल्या, बसल्या, आणि पुन्हा उठल्या.